विंचू पायाला चावतो, मग हृदय का धावतं? महाडमधून जगभर गेलेल्या उपचाराची गोष्ट

हृदयाचे ठोके अचानक वाढले तर काय करायचं? ठोके कमी करणारी गोळी द्यायची, असं बहुतेकांच्या मनात लगेच येतं. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण एक परिस्थिती अशी आहे की जिथे हे सरळ वाटणारं उत्तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. ती म्हणजे लाल विंचवाचा दंश. आणि ही गोष्ट वैद्यकीय जगाला ज्यांनी नीट मांडून दाखवली ते मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये नव्हते, ते होते रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात.

रायगड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अलिबागचा किनारा येतो. महाड आणि पोलादपूर हे मात्र आतल्या बाजूचे तालुके. सावित्री नदीचं खोरं, एका अंगाला वरंधा घाट, दुसरीकडे महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट, खाली खेडकडे जाणारा कशेडी. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. भात आणि नाचणीची शेती. दगडी बांध, पेंढ्याच्या उडव्या, कौलारू घरं, पडवीत रचून ठेवलेलं सरपण. उबदार फटी आणि खायला भरपूर किडे, विंचवाला आणखी काय हवं असतं?

विंचू दिवसा लपतो आणि रात्री बाहेर पडतो. त्यामुळे दंश बहुतेक वेळा हातापायाला आणि अंधारात होतो. उन्हाळ्याच्या शेवटी शेताची तयारी सुरू असते तेव्हा, आणि नंतर भातकापणीच्या दिवसांत, म्हणजे माणसाचा हात गवतात आणि दगडात सतत जातो त्या दिवसांत, हे प्रकार वाढतात.

इथे एक गैरसमज आधीच बाजूला करूया. कोकणात लोक जास्त घाबरतात ते इंगळीला. मोठी, काळी, पुढचे चिमटे जाडजूड. दिसायला भयंकर, पण तिचं विष त्या मानाने सौम्य. जीव घेतो तो बोटाएवढा, लालसर तपकिरी, बारीक चिमट्यांचा विंचू. शास्त्रीय नाव मेसोबुथस टॅम्युलस. अर्थात ही माहिती विंचू शोधून, उलटापालटा करून बघण्यासाठी नाही. दंश झाला असेल तर विंचवापेक्षा माणसाकडे बघायचं असतं, ते पुढे येईलच.

बिरवाडीत काय घडलं?

१९७६ साली हिंमतराव बावस्कर नावाचे एक तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, घरची गरिबी, एमबीबीएस नागपूरहून. त्यांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र अनेकांनी वाचलेलं असेल.

बिरवाडीत त्यांच्यासमोर विंचू चावलेले रुग्ण येऊ लागले. त्यांत लहान मुलं होती, तरणेताठे शेतकरी होते. आल्यावर घामाने निथळत असायचे, उलट्या व्हायच्या, हातपाय गार पडायचे. काही तासांत दम लागायचा, तोंडातून फेस यायचा, आणि त्यांतले अनेक जण दगावायचे. पाठ्यपुस्तकांत यावर फारसं मार्गदर्शन नव्हतं. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांबद्दल लिहिलं होतं, पण वाचवायचं कसं हा प्रश्न तसाच होता.

बावस्करांनी जे केलं ते सांगायला साधं आहे आणि करायला अवघड. ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले. रात्रभर. नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय गार की गरम, घाम कधी सुरू झाला, दम कधी लागला, असं सगळं तासातासाला लिहून काढलं. आयसीयू नाही, मॉनिटर नाही. अशा नोंदी एकावर एक जमत गेल्या तेव्हा त्यात एक क्रम दिसू लागला.

हा क्रम म्हणजे या गोष्टीतला खरा शोध, असं मला वाटतं. औषध नंतर आलं. आधी कळलं ते हे, की मृत्यू अचानक येत नाही. तो येण्याआधी शरीर काही खुणा देतं. उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ सुटणं, गार पडलेले हातपाय, आणि पुरुषांमध्ये किंवा मुलांमध्ये लिंग ताठर होणं. शेवटची खूण सांगायला घरचे लाजतात. पण डॉक्टरच्या दृष्टीने विष अंगात भिनलं असल्याचा तो फार महत्त्वाचा पुरावा असतो. बावस्करांचा या पूर्वखुणांवरचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. वैद्यकातल्या सर्वांत जुन्या आणि मानाच्या नियतकालिकांपैकी हे एक. त्यात कोकणातल्या खेड्यातल्या नोंदी छापून येणं ही त्या काळी काय, आजही लहान गोष्ट नाही.

त्या नोंदींमधली आणखी एक गोष्ट चक्रावणारी आहे. ज्यांना पुढे गंभीर त्रास झाला त्यांतल्या अनेकांना सुरुवातीला दंशाच्या जागी फारसं दुखत नव्हतं. आणि जे वेदनेने अक्षरशः किंचाळत आले, त्यांतले बरेच जण दुसऱ्या दिवशी चालत घरी गेले. म्हणजे आपण ज्याला धोक्याची खूण समजतो ती वेदना धोक्याचं माप नाहीच.

भगताला श्रेय का मिळतं, याचं उत्तरही इथेच आहे. विंचवाच्या बहुतेक दंशांत फक्त वेदना असते. ती काही तासांत आपोआप उतरते. त्या काळात कुणी मंत्र टाकला, पाला चोळला, तर विंचू 'उतरवला' असं वाटणारच. उलट ज्याच्या अंगात विष खरंच भिनलंय त्याला आधीच फार दुखत नसतं. मग घरचे म्हणतात, उतरला वाटतं. आणि नेमके तेच तास हातातून जातात.

विष हृदयापर्यंत पोचून करतं काय?

विंचवाचं विष थेट हृदयाला कुरतडतं अशी कल्पना असेल तर ती सोडून द्या. ते आधी मज्जातंतूंना गाठतं.

आपल्या नसांमधून संदेश जातो तो विजेसारखा. पेशींच्या भिंतीत सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमची सूक्ष्म दारं असतात. ती उघडतात, मिटतात, आणि संदेश पुढे सरकतो. लाल विंचवाच्या विषातले घटक सोडियमची दारं वेळेवर मिटू देत नाहीत. काही घटक पोटॅशियमची दारं अडवतात. त्यातला एक, आयबेरिओटॉक्सिन, इतका नेमका आहे की जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये संशोधनासाठी वापरला जातो. परिणाम असा की नस एकदा पेटली की पेटलेलीच राहते.

शरीरात दोन यंत्रणा न सांगता काम करत असतात. एक शांत करणारी, दुसरी धावपळीची. विंचू चावल्यावर दोन्ही एकदम भडकतात. आधी पहिलीचा जोर दिसतो, म्हणजे घाम, लाळ, उलटी, कधी मंद झालेली नाडी. मग दुसरीचा. ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन रक्तात अक्षरशः ओतलं जातं. वाघ समोर आल्यावर शरीर जे करतं तेच, फक्त कितीतरी पट जास्त आणि न थांबता.

आता हृदयाचं बघा. ॲड्रेनलिनमुळे ठोके वाढतात. निरोगी मोठ्या माणसाचे विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० ठोके असतात, ते इथे खूप वर जातात. त्याच वेळी हातापायांच्या आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. घरातला पाण्याचा पाइप आठवा. त्याच्या तोंडावर अंगठा दाबून धरला आणि मागून पंप फुल सोडला तर काय होईल? पाइप ताणला जाईल, सांधे गळू लागतील. आवळलेल्या रक्तवाहिन्या म्हणजे तो अंगठा, आणि धावणारं हृदय म्हणजे तो पंप.

हृदयाची दुसरीही अडचण होते. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात ते रक्ताने भरतं. ठोके फार जलद झाले की भरायलाच वेळ मिळत नाही. हृदयाच्या स्नायूला स्वतःला रक्त मिळतं तेही मुख्यतः याच मधल्या वेळात. म्हणजे काम वाढलं, खाणं कमी झालं. दमलेल्या डाव्या बाजूला पुढे रक्त ढकलता येत नाही, ते मागे तुंबतं. मागे काय आहे? फुप्फुसं. तिथे पाणी झिरपू लागतं. दम, खोकला, तोंडाला गुलाबी फेस. याला डॉक्टर पल्मनरी इडिमा म्हणतात. विंचूदंशाने मरणारा माणूस बहुतेक वेळा यानेच मरतो.

लहान मुलं यात जास्त सापडतात, कारण विंचू विष देतो ते माणसाचं वजन बघून नाही. ६० किलोच्या बापाला जेवढं, तेवढंच १२ किलोच्या पोरीला.

मग ठोके कमी करणारी गोळी का नको?

हृदय धावतंय म्हणून बीटा ब्लॉकर द्यावं असं वाटणं स्वाभाविक आहे. ही औषधं ठोके कमी करतात, एरवी लाखो लोक ती रोज घेतात. पण ती पंपाचा वेग आणि जोर कमी करतात, अंगठा तसाच ठेवून. उलट रक्तवाहिन्या सैल करणारा जो थोडा परिणाम ॲड्रेनलिनमुळे होत असतो तोही ही औषधं बंद करतात. म्हणजे आवळलेली वाट आणखी आवळली आणि तिच्यावर मात करणारा पंप कमजोर केला. हृदय हात टेकतं.

ॲट्रोपिनचं असंच. घाम आणि लाळ बघून ते द्यावंसं वाटतं, पण त्याने शांत करणारी यंत्रणा बंद पडते आणि धावपळीची मोकाट सुटते. एकेकाळी विंचूदंशावर झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांचं मिश्रण, स्टेरॉइड्स, डिजॉक्सिन असं बरंच काही वापरून झालं होतं. स्टेरॉइडचा फायदा सिद्ध झाला नाही.

गरज होती ती अंगठा उचलण्याची.

त्या काळात सोडियम नायट्रोप्रुसाइड नावाचं एक औषध होतं. सलाइनमधून थेंबाथेंबाने देतात, रक्तवाहिन्या झपाट्याने सैल करतं. ते उपयोगी पडतं, पण एकेका थेंबावर आणि मिनिटामिनिटाच्या रक्तदाबावर लक्ष ठेवायला माणूस हवा, यंत्र हवं. प्राथमिक आरोग्य केंद्रात एका रात्री तीन रुग्ण आले तर हे करणार कोण?

तेव्हा नजर गेली प्राझोसिनकडे. हे १९७० च्या दशकात उच्च रक्तदाबासाठी आलेलं, साधं, तोंडाने घ्यायचं औषध. रक्तवाहिन्यांवर अल्फा नावाची कुलपं असतात. ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिन ती उघडून वाहिन्या आवळतात. प्राझोसिन त्या कुलपांमध्ये आधीच जाऊन बसतं. चावी फिरतच नाही. वाहिन्या सैल होतात, हृदयावरचं ओझं उतरतं, फुप्फुसातलं पाणी ओसरायला लागतं. आणि गंमत अशी की ठोक्यांना हात न लावताही ठोके हळूहळू खाली येतात, कारण हृदयाला धावायचं कारणच उरत नाही.

हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरचा लेख १९८६ मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आला. बावस्करांनी दिलेल्या नोंदींनुसार प्राझोसिनच्या आधीच्या काळात गंभीर विंचूदंशात २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत होते. नंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं, पण कोकणातल्या घराघरात ते कधीच पोचलं होतं.

प्राझोसिनचा डोस वजनावर ठरतो आणि तो अगदी छोटा असतो, काही तासांनी पुन्हा द्यावा लागतो. डॉक्टर बघत असतात ते एका साध्या गोष्टीकडे, हातपाय गरम झाले का. यंत्र नसलेल्या ठिकाणीही हे कळतं, पायाला हात लावून. दंशाची जागा पुन्हा दुखू लागली तर तीही सुधारणेची खूण धरतात. आता दुखतंय म्हणून घरचे घाबरतात आणि डॉक्टर मात्र खूश असतात, असा तो प्रकार.

पण एक सावधगिरी. पहिल्या डोसनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, विशेषतः रुग्ण उठून बसला किंवा उभा राहिला तर. म्हणून झोपवूनच ठेवतात. लघवीलाही उठू देत नाहीत, मुलाला कडेवर उभं उचलून घेत नाहीत. घाम आणि उलट्यांमुळे शरीरातलं पाणी गेलेलं असतं, ते भरून काढणंही तितकंच गरजेचं. ज्यांच्या फुप्फुसात आधीच पाणी भरलंय किंवा रक्तदाब कोसळलाय त्यांना ऑक्सिजन, डोब्युटामिनसारखी औषधं, कधी व्हेंटिलेटर लागतो. तिथे एकट्या गोळीचं काम नाही. घरात रक्तदाबाची प्राझोसिन पडून आहे म्हणून आपणच द्यावी, असा अर्थ यातून कृपया काढू नका.

प्रतिविष आल्यावर काय बदललं?

सापाच्या विषावर जसं प्रतिविष असतं तसं विंचवाच्या विषावरही असतं. घोड्याला विषाचे सूक्ष्म डोस देऊन त्याच्या रक्तातून ते तयार करतात. मुंबईत परळची हाफकिन संस्था यासाठी आपल्याकडे ओळखली जाते.

प्राझोसिन असताना प्रतिविषाची गरज काय, असा प्रश्न बरीच वर्षं चर्चेत होता. याचं उत्तरही महाडमधूनच आलं. बावस्करांच्या हॉस्पिटलमध्ये ७० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष, कुणाला काय हे चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरवलेलं. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निकाल छापून आले. दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले. फक्त प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ एका गटात ८ तास, दुसऱ्यात १७.७ तास.

यातून प्राझोसिन कुचकामी ठरलं असं नाही. दोघांची कामं वेगळी आहेत. प्रतिविष रक्तातलं मोकळं विष पकडतं. पण एकदा विषाने नसा पेटवल्या आणि ॲड्रेनलिनचा पूर सोडला की तो पूर प्रतिविषाने मागे घेता येत नाही. तिथे प्राझोसिन लागतं. म्हणून प्रतिविषाचा फायदा लवकर आलेल्याला जास्त, आणि उशिरा आलेल्याला कमी. ७० ही संख्या फार मोठी नाही हे खरं, पण फरक इतका ठळक होता की दुर्लक्ष करणं अवघड होतं.

प्रत्येक धावणाऱ्या हृदयाला हेच औषध?

अजिबात नाही, आणि म्हणूनच विंचवाचं उदाहरण समजून घेण्यासारखं आहे. ठोके वाढणं हा आजार नसतो, ते लक्षण असतं. डॉक्टरचा पहिला प्रश्न 'किती' हा नसतो, 'का' हा असतो.

ताप, अंगातलं पाणी कमी होणं, रक्तस्राव, रक्तक्षय, थायरॉइड, भीती या सगळ्यांत हृदय धावतं ते शरीराच्या मागणीमुळे. हृदयाचं नेहमीचं विजेचं केंद्रच आदेश देत असतं, फक्त भराभर. विंचूदंशातही बहुतेक वेळा असंच असतं. इथे उपचार मूळ कारणावर. डेंग्यूच्या रुग्णाचं अंगातलं पाणी कमी झालंय आणि नाडी १३० आहे तर त्याला सलाइन लागेल, नाडी कमी करायची गोळी नाही.

दुसरा प्रकार विजेच्या वायरिंगमधल्या बिघाडाचा. काहींच्या हृदयात जन्मापासून एक जादा वाट असते, आणि करंट त्यात गोल गोल फिरत राहतो. बटण दाबल्यासारखे ठोके १५० ते २०० च्या पुढे जातात आणि तसेच अचानक थांबतात. याला एसव्हीटी म्हणतात. बऱ्याचदा तरुण माणसांत दिसतो, आणि अनेकांना वर्षानुवर्षं 'टेन्शन आहे तुम्हाला' एवढंच ऐकावं लागतं.

यावरचा पहिला उपाय औषधाविना आहे. रुग्णाला अर्धवट बसवून १० मिलीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या हलेल इतक्या जोरात १५ सेकंद फुंकायला सांगतात, मग झटकन आडवं करून पाय वर उचलून धरतात. त्यामुळे शांत करणाऱ्या नसेला चालना मिळते. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत नुसतं फुंकून १७ टक्के रुग्णांचे ठोके जागेवर आले, तर असं आडवं करून पाय उचलल्यावर ४३ टक्क्यांचे. खर्च एका सिरिंजचा! हे न जमल्यास ॲडेनोसिनचं इंजेक्शन. त्याने काही सेकंद हृदयातला करंट अडतो आणि रुग्णाला वाटतं की आपण आता गेलो. ते खरंच तेवढ्याच वेळापुरतं असतं, औषध काही सेकंदांतच रक्तातून नाहीसं होतं. वारंवार होत असेल तर मांडीच्या नसेतून तार नेऊन ती जादा वाट जाळून टाकतात. याला ॲब्लेशन म्हणतात, आणि त्यानंतर बरेच जण कायमचे मोकळे होतात.

उतारवयात जास्त दिसतो तो एट्रियल फिब्रिलेशन. वरच्या कप्प्यांत ठोके पडत नाहीत, नुसती थरथर होते. नाडी हाताला पूर्ण अनियमित लागते. इथे बीटा ब्लॉकरसारखी औषधं खरोखर कामाची. पण जास्त काळजी असते ती थरथरत्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाण्याची, म्हणून अनेकांना रक्त पातळ ठेवणारं औषध लागतं. ते परस्पर बंद करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

सर्वांत घातक प्रकार खालच्या कप्प्यांचा. व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया बहुधा आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांत किंवा हृदयाचा स्नायू कमजोर झालेल्यांत दिसतो. रुग्णाचा रक्तदाब टिकून असेल तर अमिओडॅरोनसारखं औषध देऊन बघतात. रक्तदाब पडला, शुद्ध हरपायला लागली, छातीत दुखू लागलं तर औषधाची वाट बघत नाहीत, विजेचा नियंत्रित झटका देतात. ज्यांना हे पुन्हा होण्याचा धोका आहे त्यांच्या छातीत त्वचेखाली आयसीडी नावाचं यंत्र बसवतात, ते ठोक्यांवर पहारा ठेवतं आणि गरज पडली तर स्वतःच झटका देतं. असं यंत्र माणसात पहिल्यांदा बसवलं गेलं ते १९८० मध्ये, अमेरिकेत. आणि खालचे कप्पे थरथरू लागले तर माणूस सेकंदांत कोसळतो, नाडी लागत नाही. तिथे छातीवर जोरात, मिनिटाला १०० ते १२० दाब आणि मिळेल तितक्या लवकर झटका, यापलीकडे काही नाही.

हे सगळे प्रकार बाहेरून सारखेच दिसू शकतात, छातीत धडधड. फरक कळतो ईसीजीत. म्हणून धडधड सुरू असतानाच ईसीजी काढून घेणं फार मोलाचं. थांबल्यावर काढलेला ईसीजी पुष्कळदा नॉर्मल येतो.

वाडीपासून दवाखान्यापर्यंत

या सगळ्यात खरी लढाई आहे ती वेळेची. पोलादपूरच्या वरच्या वाडीत रात्री दहाला विंचू चावला तर पुढचे तीन-चार तास ठरवतात. आणि इथले रस्ते सरळ नाहीत. पावसाळ्यात घाटात दरड आली की वाट बंद. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि त्याच पावसात पोलादपूरमध्येही वस्त्या गाडल्या गेल्या, तेव्हा मदतीला निघालेल्यांनाही पोचायला किती वेळ लागला हे सगळ्यांनी पाहिलं. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची ॲम्ब्युलन्स आहे, पण ती डोंगरावरच्या पायवाटेने येत नाही. डांबरी रस्त्यापर्यंत रुग्णाला आणावंच लागतं, डोलीतून किंवा पाठीवर.

म्हणूनच प्राझोसिनसारखी स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी महत्त्वाची ठरते. महाडच्या हॉस्पिटलपर्यंत पोचण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिला डोस पोटात गेला तर पुढचा प्रवास सुसह्य होतो. ती गोळी केंद्रात आहे ना, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

दंश झाल्यावर घरच्यांनी करायचं ते थोडंच आहे. वेळ लक्षात ठेवा, शक्य तर लिहून ठेवा. रुग्णाला शांत, आडवं ठेवा. दंशाची जागा कापू नका, चोखू नका, वर दोरी आवळू नका. बर्फ कापडात गुंडाळून लावला तर वेदना कमी होते, जास्त दुखत असेल तर दवाखान्यात त्या जागी बधिरतेचं इंजेक्शन देतात. मोठ्या माणसाला फक्त वेदना असेल, बाकी काही नसेल, तर घाबरून जायचं कारण नाही, पण दवाखान्यात दाखवून लक्ष ठेवायचं. घाम, उलटी, गार हातपाय, लाळ, दम यांतलं काहीही दिसलं किंवा रुग्ण लहान मूल असेल तर एक मिनिटही घालवायचं नाही. पहिल्या तासात बरं वाटलं म्हणून वाटेतून परत फिरू नका. लक्षणं नंतरही वाढू शकतात, म्हणून डॉक्टर मुलांना साधारण २४ तास ठेवून घेतात.

दवाखान्यात गेल्यावर सांगायचं ते हे: किती वाजता चावला, उलटी झाली का, घाम किती आला, कोणतं औषध किंवा पाला दिला, आणि आधीपासून रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी सुरू आहे का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण आता वाड्यांमध्येही बीटा ब्लॉकर घेणारी माणसं आहेत.

विंचू टाळण्याचं म्हणाल तर बूट झटकून घालणं, अंथरूण झटकणं, मुलांना जमिनीऐवजी खाटेवर झोपवणं आणि खाट भिंतीपासून थोडी दूर ठेवणं, पेंढा आणि सरपण ओढताना आधी काठीने हलवणं हे जुनंच. एक नवं आहे. नोटा तपासायला वापरतात तसल्या जांभळ्या अतिनील प्रकाशात विंचू हिरवट-निळा चमकतो. असा छोटा टॉर्च ऑनलाइन सहज मिळतो. रात्री पडवी आणि सरपणाची रास त्याच्या उजेडात एकदा बघून घेतली तर लपलेला विंचू डोळ्यांत भरतो.